गंगापूर रोडवरचा बाळंतपणाचा क्लास: शिकवलं नवऱ्याला, कामाला आल्या सासूबाई

आधीच सांगते, क्लासचं नाव टाकणार नाहीये. पुढे चांगलं पण बोलणारे आणि थोडं वाकडं पण बोलणारे, आणि तिथल्या मॅडम आमच्याच डेअरीवर दूध घ्यायला येतात, उगीच रोज तोंड चुकवत फिरायला नको. गंगापूर रोडच्या आतली गल्ली, खाली दातांचा दवाखाना, वर दुसऱ्या मजल्यावर हा क्लास, एवढं पुरे. नाशकात आता असे क्लास बरेच निघालेत, त्यामुळे तुम्ही दुसऱ्या कुठल्या क्लासला जाणार असाल तरी वाचून जा.

सहा शनिवार, दोन-दोन तास, जोडप्याचे ७५०० रुपये. पार्किंग नाही. लिफ्ट आहे पण सहापैकी तीन शनिवार बंद होती, आणि आम्ही सगळ्या सातव्या-आठव्या महिन्यातल्या बायका कठड्याला धरून दोन मजले चढत होतो, तेव्हा मॅडम हसत म्हणायच्या की चला, व्यायाम इथूनच सुरू. एकदा हसले. तिसऱ्यांदा नाही हसले.

मी गेले का, तर माझं पहिलं बाळंतपण २०२१ मध्ये झालं, कोरोनाच्या ऐन धुमाळीत. कुठल्या हॉस्पिटलात ते सोडा. कोणाला आत सोडत नव्हते, नवरा खाली गाडीत बसून, मम्मी घरी क्वारंटाइन, आणि मी अकरा तास पाठीवर उताणी, हाताला सलाईन, पोटाला बाळाचे ठोके मोजायचा पट्टा. सिस्टरच्या किटमधून नुसते डोळे दिसायचे. कळ आली की मी बेडची दांडी धरायचे आणि कळ गेली की पुढची कधी येते म्हणून छताकडे बघत पडायचे. दुखलं ते विसरले मी, खरंच विसरले, पण ते छत अजून डोळ्यासमोर आहे, त्यावर ओलीचा एक डाग होता जिलेबीसारखा. त्यामुळे दुसऱ्या वेळी मला वेदना नकोत असं काही म्हणायचं नव्हतं, मला फक्त तसं एकटं पडून राहायचं नव्हतं.

क्लासच्या बोर्डावर 'वेदनारहित नैसर्गिक प्रसूती' असं लिहिलंय. पहिल्याच दिवशी मॅडमनी स्वतःच सांगितलं की वेदनारहित असं काही नसतं, वेदना झेलायला सोपी कशी करायची ते आपण शिकू. मग बोर्ड बदला ना मॅडम!

मॅडम फिजिओथेरपिस्ट आहेत आणि शिकवतात मात्र झकास. पहिल्या शनिवारी प्रोजेक्टर लावून इतिहास झाला. फर्नांड लमाझ नावाचा फ्रेंच डॉक्टर १९५१ मध्ये सोव्हिएत रशियात गेला, तिथं बायका श्वासाच्या जोरावर कळा घेताना पाहिल्या आणि पॅरिसला परत येऊन ते सुरू केलं, त्यावरूनच लमाझ क्लास हे नाव पडलं. त्याच्याही आधी इंग्लंडमध्ये ग्रँटली डिक-रीड होता, त्याचं म्हणणं असं की भीती वाटली की अंग आखडतं, अंग आखडलं की जास्त दुखतं आणि जास्त दुखलं की अजून भीती वाटते. हे चालू असताना दोन नवरे चक्क पेंगत होते, त्यातला एक आमचा. पण मला ते भीतीचं लगेच पटलं कारण ती जिलेबी मी पाहिलेली होती.

दुसरं एक सांगितलं ते तर डोक्यात बसलंच. कोपर दाराला आपटलं की आपण पहिलं काय करतो, तर चोळतो. का चोळतो, तर चोळल्याचा, दाबल्याचा, गरम-गारचा निरोप आणि दुखण्याचा निरोप दोन्ही पाठीच्या कण्यातूनच वर मेंदूकडे जातात, आणि चोळल्याच्या निरोपाची गर्दी झाली की दुखण्याचा निरोप पूर्ण जोरात पोचत नाही. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोघांनी ही गेट थिअरी मांडली. म्हणजे मालिश, शेक, दाबणं, शॉवर हे नुसते मनाचे खेळ नाहीत, त्याच्यामागे काहीतरी आहे. मुंबई नाक्याला सिग्नल लागल्यावर मधेच कोणीतरी बैलगाडी घातली की मागच्या गाड्या कशा अडकतात, तसं मॅडम म्हणाल्या. आता मुंबई नाक्याला बैलगाडी कुठून येणार देव जाणे, पण कळलं.

सगळ्यात भारी सेशन तिसरं, बर्फाचं. प्रत्येकीच्या हातात बर्फाचा एकेक खडा दिला आणि एक मिनिट मुठीत धरायला सांगितलं, काही न करता, घड्याळाकडे बघत. डिसेंबरमधलं नाशिक, फरशीच बर्फासारखी, त्यात हा खडा. वीस सेकंदात तळहात जळायला लागला, चाळीसला मी खांदे कानापर्यंत नेले होते आणि पायाची बोटं मुडपली होती, शेजारची तर "मॅडम बस ना" म्हणायला लागली. मग दुसऱ्या हातात दुसरा खडा. या वेळी डोळे मिटून, नाकाने श्वास आत आणि तोंडाने हळू बाहेर, जणू गरम चहावर फुंकर घालतोय तसा, खांदे खाली, जबडा सैल, आणि नवऱ्याने पाठीवरून हात फिरवायचा. बर्फ तेवढाच गार होता हो. पण मिनिट संपलं तेव्हा मला कळलंच नाही, मॅडमनी सांगितलं तेव्हा मूठ उघडली, पाणी ओघळून कोपरापर्यंत गेलं होतं. ७५०० पैकी दोन हजार मी त्या एका मिनिटाचे वसूल धरते.

आणि कळ साधारण तेवढीच असते हे पण तेव्हाच नीट समजलं, मिनिटभर, फार तर दीड मिनिट, आणि मग मधे सुट्टी. पहिल्या वेळी हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी सुट्टीत पण दांडी धरूनच असायचे.

बाकी शिकवलं ते असं: चालायचं, डुलायचं, भिंतीला किंवा नवऱ्याच्या गळ्याला टेकून उभं राहायचं, व्यायामाच्या मोठ्या बॉलवर बसून कंबर गोल फिरवायची, पाठीत कळा येत असतील तर हातापायांवर ओणवं व्हायचं, झोपायचंच असेल तर कुशीवर, उताणं नाही. उताणं पडलं की पिशवीचं सगळं वजन मागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतं आणि बाळाला पण खाली यायला चढ चढल्यासारखं होतं. आवाज काढायचा तर खालच्या पट्टीत, हंबरल्यासारखा, किंचाळायचं नाही कारण किंचाळलं की गळा आवळतो आणि त्याबरोबर खालचं पण सगळं आवळतं. सहा जोडपी एकदम हंबरायची प्रॅक्टिस करत होतो तेव्हा खालच्या दातांच्या दवाखान्यातला कंपाउंडर वर बघायला आला होता की काय झालं.

आणि कंबर दाबणं. माकडहाडाच्या वर जो सपाट चौकोनी भाग आहे तिथे तळहाताची मनगटाकडची बाजू ठेवायची आणि कळ चालू असेपर्यंत सरळ आत दाबायचं, चोळायचं नाही, नुसतं दाबून धरायचं. दुसरा प्रकार म्हणजे दोन्ही बाजूंनी नितंबांवर तळवे ठेवून आत वर ढकलायचं. हे नवऱ्यांना पक्कं करून घेतलं, दोन पूर्ण सेशन. आमच्याला येतं का हे बघायला मॅडमनी स्वतःची पाठ पुढे केली आणि म्हणाल्या, "अहो, बेल वाजवताय का? दाबा." त्यानंतर तो दाबायला शिकला.

आता जे आवडलं नाही ते.

एक म्हणजे भाषा. कळेला कळ म्हणायचं नाही, लहर म्हणायची. इंग्रजीत ते काहीतरी सर्ज वगैरे म्हणतात त्याचं हे भाषांतर. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं लहर आली म्हणून माणूस मिसळ खायला जातं, बाळंत होत नाही." विषय संपला. आणि झोपताना ऐकायला जे ऑडिओ दिले ते सगळे अमेरिकन बाईच्या आवाजात, पाठीमागे समुद्र. मी पाथर्डी फाट्याला राहते, मला समुद्राच्या आवाजाने झोप कशी लागणार, मला तर नळाला पाणी आलं वाटून जाग यायची. शेवटी मी स्वतःच फोनवर सासऱ्यांच्या आवाजात हरिपाठ रेकॉर्ड करून घेतला, त्याच्या तालावर श्वास अगदी बरोबर बसतो, करून बघा.

दुसरं म्हणजे दुकान. तिसऱ्या शनिवारपासून टेबलावर वस्तू दिसायला लागल्या. तेलाची बाटली ६५०, बॉल १८००, पाठीला चिकटवायचं, बारीक करंट सोडून दुखणं कमी करायचं ते टेन्सचं मशीन भाड्याने महिना १५०० आणि वर ५०० डिपॉझिट. बॉल फक्त ६५ सेंटिमीटरचाच ठेवतात, माझी उंची पाच फूट एक, त्यावर बसले की टाचा उचलल्या जायच्या. बसल्यावर पाऊल पूर्ण टेकलं पाहिजे आणि गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली पाहिजेत हे मॅडमनीच शिकवलेलं, त्या हिशोबाने मला ५५चा लागत होता, तो मी मेन रोडवरून निम्म्या किमतीत आणला. मशीन मात्र घेतलं. मुंग्या आल्यासारखं होतं, सुरुवातीच्या बारीक कळांना हातात एक बटण असल्याचं समाधान मिळतं, जोराच्या कळांना त्याचा काही उपयोग झाला असं मला वाटलं नाही. पाण्यात तर चालतच नाही. माझ्या मते १५०० वाचवा.

तिसरं सांगायच्या आधी त्या रात्रीचं सांगते.

जानेवारी, रात्रीचे अडीच, थंडी अशी की निफाडचा पारा पेपरात येतो तसली. कंबरेत कळ आली, पोटात नाही, नुसती कंबरेत, जसं कोणी आतून पहार घालून उचकटतंय. बाळाची पाठ माझ्या पाठीकडे होती, म्हणजे त्याचं डोकं मागून माझ्या हाडावर घासत येत होतं, असं असलं की कळा पाठीत येतात हे क्लासमध्ये झालेलं होतं त्यामुळे घाबरले नाही. नवऱ्याला उठवलं. तो उठला, फोनमध्ये स्टॉपवॉच लावलं आणि मला म्हणाला, लहर आली का? मी काय म्हणाले ते इथे लिहित नाही.

गादीवर ओणवी झाले, पोटाखाली उशा, आणि तो मागून दाबतोय. खरं सांगते, दाबलं तर कळ असते पण सोसते आणि हात काढला की डोळ्यापुढे काजवे. एकदा त्याने स्टॉपवॉच बघायला हात काढला, परत नाही काढला. मधल्या सुट्टीत मी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून कंबरेला लावत होते. नुसती पिशवी लावू नका, कळेच्या नादात कातडी भाजलेली कळत नाही. मग शॉवर. कंबरेवर गरम पाण्याची धार म्हणजे स्वर्ग, पण आमचा गिझर पंधरा लिटरचा, सहा मिनिटांत स्वर्ग संपला आणि जानेवारीचं पाणी आलं. त्यानंतर सासूबाई गॅसवर पातेली चढवत होत्या आणि नवरा तांब्याने कंबरेवर ओतत होता. क्लासमध्ये पाण्याच्या टबातल्या बाळंतपणाचे व्हिडिओ दाखवले होते, कुठल्याशा गोऱ्या बाईचे, मेणबत्त्या लावून. आमच्याकडे तांब्या आणि प्लास्टिकचं स्टूल, पण आराम तोच.

सकाळी सहाला निघालो. पहिलटकरणीला साधारण पाच मिनिटांनी एक कळ, मिनिटभर टिकणारी, असं तासभर चाललं की निघा म्हणतात, पण दुसरं बाळंतपण पटकन होतं त्यामुळे माझ्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की तू वाट बघत बसू नकोस. आणि पाणी हिरवट गेलं, रक्त गेलं किंवा बाळ हलेनासं वाटलं तर घड्याळ वगैरे काही नाही, सरळ गाडीत बसायचं, मग नॅचरल गेलं खड्ड्यात. पाथर्डी फाट्यापासून हॉस्पिटलपर्यंत नऊ स्पीडब्रेकर आहेत. मला आयुष्यभर लक्षात राहतील.

तपासलं तर पिशवीचं तोंड सहा सेंटिमीटर उघडलेलं. मी खूश. आणि तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "दादा, तुम्ही बाहेर थांबा. आत लेडीजच चालेल."

म्हणजे ज्याला सहा शनिवार शिकवलं, ज्याने मॅडमची पाठ दाबून परीक्षा पास केली, तो बाहेर. लेबर रूममध्ये अजून दोघी होत्या, मधे नुसता पडदा, त्यामुळे नियम चुकीचा आहे असं पण मी म्हणू शकत नाही, त्या बायकांनी काय करायचं? सरकारी दवाखान्यांसाठीच्या नियमात पण सोबतीला बाईच धरलेली आहे, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली, आणि नवऱ्याला जिथे आडोसा असेल तिथेच. मॅडमना हे माहीत नसेल? मग सहा आठवडे आम्हाला विचारलं का नाही की तुमच्या हॉस्पिटलात आत कोण येणार आहे?

मम्मी तेव्हा संगमनेरहून निघालेली, अजून सिन्नरला पण पोचली नव्हती. राहिल्या सासूबाई. मग कॉरिडॉरमध्ये जे झालं ते मी दारातून पाहिलंय, एका कळेच्या मधे. नवऱ्याने स्वतःच्या आईला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, नऊवारी साडीच्या काष्ट्यावरून जागा शोधली आणि तिच्या कंबरेवर दाबून दाखवलं, "इथं. आई, इथं. चोळू नको, दाबून धर. ती बस म्हणेपर्यंत काढायचा नाही हात." शेजारी एक म्हातारे बाबा बसले होते, ते म्हणाले, माउलीची कंबर दुखते का? झेंडूबाम देऊ का?

सासूबाई आत आल्या, हात धुतले, पदर खोचला आणि दाबलं. आणि मी सांगते, नवऱ्याच्या सहा शनिवारांना त्या हाताची सर नाही. पस्तीस वर्षं भाकऱ्या थापलेला हात आहे तो, तळव्याची खालची बाजू पाटासारखी कडक, आणि कळ कधी येते हे मी सांगायच्या आधी त्यांना कळायचं, माझी मान बघून. दिंडोरीकडच्या खेड्यात त्यांची दोन्ही बाळंतपणं घरीच सुईणीच्या हातून झाली, वाशाला दोर बांधून दिला होता, त्याला लोंबकळून त्या कळा घ्यायच्या आणि मागून त्यांची आत्या कंबर दाबायची. म्हणजे त्यांना कोणी शिकवायची गरजच नव्हती. मी विचारलं, आई मग तुम्ही आधी का नाही बोललात? तर म्हणाल्या, तुम्ही पैसे भरून शिकत होता, मी काय बोलू.

(उगीच जुनं ते सोनं असं नका वाचू हं. त्यांच्या जावेचं तिसरं बाळ त्याच घरात, त्याच दोराला धरून गेलं, कारण दवाखाना लांब होता. हे पण त्यांनीच सांगितलं, त्याच रात्री नाही, नंतर.)

सिस्टरचं आणि माझं एकदा वाजलं. पट्टा लावलाय, झोपून राहा ताई. मी म्हटलं, डॉक्टरांशी बोलणं झालंय, बाळाचे ठोके ठीक असतील तर अधूनमधून पट्टा लावून बाकी वेळ उभं राहायला चालेल. हे मी आठव्या महिन्यातच विचारून फाइलीवर लिहून घेतलं होतं आणि हे मात्र क्लासचंच श्रेय. डब्ल्यूएचओने २०१८ मध्ये बाळंतपणाच्या काळजीवर ५६ शिफारशी काढल्यात, त्यातल्या आपल्या कामाच्या मॅडमनी झेरॉक्स करून दिल्या होत्या: सोबतीला आपल्या मर्जीचं माणूस, उभं राहायला-हिंडायला मोकळीक, सगळं ठीक असलेल्या बाईला खाणंपिणं, मालिश आणि गरम शेक, श्वास आणि शिथिलीकरण. सिस्टरनी फाइल बघितली, चेहरा वाकडा केला, पण सोडलं. वाईट नव्हत्या त्या. तिघींना एकट्या सांभाळत होत्या.

शेवटचा तास मी बेडला धरून उभी, डोकं गादीत, तोंडाने हंबरतेय, मागून सासूबाई. आठ ते दहा सेंटिमीटरच्या मधे एक वेळ अशी आली की मी म्हटलं नाही होत माझ्याच्याने, मला सिझर करा, मला घरी जायचंय, तीन वाक्यं एकदम. क्लासमध्ये सांगितलं होतं की बाई असं म्हणायला लागली म्हणजे संपत आलं समजा. तेव्हा काही आठवलं नाही मला, पण बाहेर नवऱ्याला ऐकू गेलं आणि तो म्हणे तिथल्या झेंडूबामवाल्या बाबांना म्हणाला, झालंच आता. डोकं दिसायला लागल्यावर सिस्टरनी गरम पाण्यात बुडवलेला गॉज खाली धरला, त्याने फाटणं कमी होतं, आणि "आता जोर नको, फुंकर मारा" म्हणाल्या, तर माझी ती चहावरची फुंकर आपोआप आली. नऊ चाळीसला मुलगी झाली. दोन टाके.

दुखलं का? दुखलं म्हणजे काय, विचारू नका. पण छत पाहिलं नाही मी या वेळी, एकदाही.

आता ते तिसरं, ज्यासाठी मी दीड स्टार कापतेय. क्लासचा ग्रुप आहे व्हॉट्सअ‍ॅपवर. कोणी नॉर्मल झाली, काही इंजेक्शन न घेता, की मॅडम फोटोला स्टार लावून टाकतात, वाघीण, झाशीची राणी वगैरे. आमच्या बॅचमधली इंदिरानगरची एक, तिला चोवीस तास कळा चालल्या, झोप नाही, शेवटी तिने एपिड्युरल घेतलं, म्हणजे कळा कमी दुखाव्यात म्हणून पाठीच्या कण्यात देतात ते इंजेक्शन. तिच्या पोस्टखाली मॅडमचं उत्तर आलं: हरकत नाही, पुढच्या वेळी नक्की जमेल. त्या रात्री ती ग्रुपमधून बाहेर पडली. मी फोन केला तर रडत होती, बाळ मांडीवर, सव्वातीन किलोचं, ठणठणीत, आणि ही नापास झाल्यासारखी रडतेय.

पाचव्या शनिवारी मॅडम बोलल्या पण होत्या की एपिड्युरल घेतलं की सिझर होतंच. मी माझ्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी सरळ सांगितलं की तसं नाहीये, एपिड्युरलने सिझरचं प्रमाण वाढत नाही, जोर लावायचा टप्पा थोडा लांबू शकतो, बीपी उतरू शकतं, कधी ताप येतो, त्यासाठी भूलतज्ज्ञ जवळ असावे लागतात, पण जिला हवं तिने घ्यावं. आणि गंमत म्हणजे मॅडमनी ज्या शिफारशी झेरॉक्स करून दिल्या त्याच यादीत एपिड्युरल पण आहे, मागेल त्या निरोगी बाईला द्या म्हणून. ते पान झेरॉक्समध्ये आलं नव्हतं. तोंडावर मास्क धरून ओढायचा तो गॅस असतो, अर्धा नायट्रस ऑक्साइड आणि अर्धा ऑक्सिजन, त्याचं तर नावसुद्धा काढलं नाही कोणी. नॅचरलवाल्यांनी नॅचरल शिकवावं, त्यालाच तर आम्ही पैसे दिले, पण दुसरं दार बंद आहे असं खोटं सांगू नये ना.

हे मी मॅडमना डेअरीवर बोलले. त्या म्हणाल्या, मी तर प्रोत्साहन देत होते. असेल.

मग जावं का? हो, जा. श्वास, बर्फ, ओणवं होणं, दाबणं, यासाठी जा, यूट्यूबवर बघून ते होत नाही, अंगाला सवय लागावी लागते. पण फी भरायच्या आधी तुमच्या हॉस्पिटलात जाऊन विचारा की आत कोणाला सोडणार, हिंडू देणार का, पाणी-सरबत पिऊ देणार का, बॉल आणला तर चालेल का, भूलतज्ज्ञ रात्री असतात का. मी तीन ठिकाणी विचारलं तर तिन्हीकडे वेगवेगळी उत्तरं आली. आणि आत बाईच येणार असेल तर नवऱ्याऐवजी तिला घेऊन क्लासला जा, आई, सासू, नणंद, जी असेल ती. मी हे मॅडमना सुचवलं तर म्हणाल्या की पॅकेज कपलचं आहे, तिसऱ्या माणसाचे १५०० जास्त पडतील. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, मला १५०० देत असतील तर येते शिकवायला.

शेजारणी येतील एरंडेल घे, शेवटच्या महिन्यात वाटी वाटी तूप पी म्हणजे बाळ घसरून येतं सांगायला. तूप पोटात जातं, बाळ पिशवीत असतं, दोघांची गाठ पडत नाही. एरंडेलाला माझ्या डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलं, जुलाब होऊन गळून जाल आणि कळा घ्यायला अंगात ताकद राहणार नाही.

पाचपैकी साडेतीन. बर्फाचा आणि झेरॉक्सचा एकेक स्टार वेगळा देता आला असता तर दिला असता. टेन्सचं मशीन मुलीच्या बाराव्यालाच नवरा परत देऊन आला, पावती आहे. ती आता चार महिन्यांची झाली, पालथी पडते, डिपॉझिटचे ५०० अजून यायचेत.